बंब घेण्याआधी विहीर मोजा : मराठवाड्यातील नगरपरिषदांसाठी अग्निशामक वाहनाची खरेदी, बांधणी आणि सुरक्षित वापर

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात परभणी जिल्ह्यातील एका शिवारात कडब्याच्या गंजीला आग लागली, तेव्हा आमची गाडी वीस मिनिटांत पोहोचली होती. टाकीत साडेचार हजार लिटर पाणी होते आणि गंजीपासून पन्नास पावलांवर विहीर होती. टाकी संपली तेव्हा आग आटोक्यात आली होती, विझलेली नव्हती. विहिरीत सक्शन पाइप सोडला, तर पाणी चाळीस फुटांखाली गेलेले. पंपाने ते ओढले नाही. शेतकरी विहिरीवरची मोटार चालू करायला धावला, पण गंजीवरून तारा गेलेल्या असल्याने थोड्या वेळापूर्वी आम्हीच वायरमनला सांगून डीपी बंद करायला लावली होती. गाडी पाणी आणायला गेली आणि परत येईपर्यंत गंजीने पुन्हा पेट घेऊन शेजारचा गोठाही कवेत घेतला. बैल वेळेवर सोडले होते, एवढेच समाधान.

त्या गाडीत काहीही बिघाड नव्हता. ती या मुलखाचा विचार करून मागवलेली नव्हती, एवढाच तिचा दोष होता. मराठवाड्यात अग्निशामक वाहनाचा विचार पाण्यापासून सुरू करावा लागतो, या अनुभवावर पुढील सर्व मांडणी आधारलेली आहे. नगरपरिषद किंवा नगरपंचायतीचे मुख्याधिकारी, अभियंते, अग्निशमन अधिकारी आणि निविदा समितीचे सदस्य यांना ती उपयोगी पडावी.

पहिली पायरी : मे महिन्यात पाण्याच्या जागा मोजा

खरेदीचा ठराव घेण्यापूर्वी शहर आणि आसपासची गावे धरून पाण्याच्या सर्व जागांची पाहणी करावी आणि ती मे महिन्यातच करावी, कारण नोव्हेंबरमध्ये काठोकाठ दिसणारी विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते. प्रत्येक जागेसाठी तीन गोष्टी लिहाव्यात : गाडी प्रत्यक्ष जिथे उभी राहू शकते तिथपासून पाण्याच्या पातळीपर्यंतची खोली, पोहोचण्याच्या वाटेची रुंदी, आणि पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत भरलेली गाडी उभी राहील की रुतेल.

खोली मोजण्यामागे साधे पदार्थविज्ञान आहे. पंप पाणी खेचत नाही. पाइपमधील हवा काढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. मराठवाड्याचा बराच भाग समुद्रसपाटीपासून ४०० ते ६०० मीटर उंचीवर आहे. सहाशे मीटर उंचीवर हाच दाब सुमारे ९.६ मीटरवर येतो. त्यातून पाइपमधील घर्षण, गाळणीचा अडथळा आणि उन्हाने तापलेल्या पाण्याची वाफ वजा केली, की माहितीपत्रकात सात मीटर लिहिलेला पंपही हाताशी सहाच मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट, देईल असे धरून चालावे. आपल्या विहिरी चाळीस ते साठ फूट खोल. म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा आगी सर्वाधिक लागतात, तेव्हा गाडीच्या पंपाला बहुतेक विहिरींचा उपयोग नाही.

म्हणून विहिरीखेरीज इतर जागांना यादीत वरचे स्थान द्यावे. नगरपरिषदेच्या प्रत्येक उंच जलकुंभाच्या तळाशी ६३ मिलिमीटरचे इन्स्टंटेनिअस कपलिंग (होज ढकलताच जोडणारा सांधा) बसवलेली स्वतंत्र झडप घेता येते. दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब फुकट मिळतो आणि वीज गेली तरी गाडी भरते. जिनिंग मिलचे हौद, साखर कारखान्याचा तलाव आणि शेततळी यांची मालकांकडून लेखी संमती आधीच घेऊन ठेवावी. टंचाईच्या काळात पिण्याच्या पाण्याला हात लावणे अवघड होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात पोहोचली होती, हे आपण पाहिलेले आहे. अशा वेळी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील प्रक्रिया केलेले पाणी अग्निशमनासाठी राखून ठेवता येते. मात्र ते वापरल्यावर पंप स्वच्छ पाण्याने धुवावा आणि जवानांनी हातपाय साबणाने धुतल्याखेरीज काही खाऊ नये.

याच फेरीत गल्ल्या आणि वेशीही मोजाव्यात. छत्रपती संभाजीनगरचे दरवाजे सर्वांना ठाऊक आहेत, पण उदगीर, कंधार, पैठण यांसारख्या जुन्या गावांतही दगडी कमानी, पुढे आलेले सज्जे आणि खाली लोंबणाऱ्या तारा गाडीची उंची ठरवतात. मोठ्या गाडीची रुंदी अडीच मीटर आणि शिडीसह उंची तीन मीटरच्या पुढे जाते. टेपने मोजलेली सर्वात अरुंद वाट आणि सर्वात बुटकी कमान हे दोन आकडे निविदेत जसेच्या तसे जावेत.

दुसरी पायरी : किती पाणी, किती गाड्या

टाकीचा आकार ठरवताना पंपाच्या आकड्याने भुलून जाऊ नये. मिनिटाला १,८०० लिटर देणारा पंप पूर्ण क्षमतेने चालला, तर ५,००० लिटरची टाकी तीन मिनिटांच्या आत रिकामी होते. त्याच टाकीवर मिनिटाला ४०० लिटरची एक होज लाइन बारा मिनिटे चालते, आणि मिनिटाला १०० लिटरची उच्च दाबाची होज रील (चाकावर गुंडाळलेली बारीक नळी) पन्नास मिनिटे. बारीक तुषार करून मारलेले पाणी उष्णता जास्त शोषते आणि घरातील सामानाची नासाडीही कमी होते. त्यामुळे आपल्याकडील घर, दुकान, गोठा, वाहन अशा आगींपैकी बहुतेक आगींसाठी उच्च दाबाची रील हेच खरे हत्यार आहे, आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक रील मागावी.

लहान नगरपरिषदेने एकच मोठी गाडी घेण्यापेक्षा दोन हजार लिटरच्या आसपासची चपळ गाडी घ्यावी आणि तिच्या पाठीशी पाण्याचा टँकर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टँकर नवा घ्यावाच लागतो असे नाही. नगरपरिषदेकडे पाणीपुरवठ्याचे टँकर असतातच. त्यांच्या तोटीला ६३ मिलिमीटरचे कपलिंग जोडणारा अ‍ॅडॅप्टर कोणताही चांगला फॅब्रिकेटर बसवून देतो. सोबत घडी घालता येणारा जाड ताडपत्रीचा हौद घ्यावा. टँकर हौदात पाणी ओतून लगेच परत फिरतो, आणि गाडीचा पंप त्या हौदातून पाणी घेत राहतो. टँकर आगीजवळ थांबून राहत नाही, आणि पाण्याची साखळी तुटत नाही.

विहिरीचा प्रश्न सोडवण्यासाठी गाडीवरच डिझेल किंवा पेट्रोल जनरेटर आणि दोरीने सोडता येणारा सबमर्सिबल पंप असावा. वीज बंद करणे ही आमची पहिली सूचना असते आणि त्यामुळे शेतकऱ्याची मोटारही बंद पडते, ही गोष्ट खरेदीच्या टेबलावर कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी पायरी : चॅसिस आणि वजन

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, आणि त्यावर टाकीचे पोलाद, सांगाडा, पंप, होज, शिडी, फोम आणि सहा माणसे. या सर्वांची बेरीज उत्पादकाने ठरवलेल्या एकूण वजनमर्यादेच्या आत, हाताशी थोडी मोकळीक ठेवून, बसली पाहिजे. केवळ एकूण वजन पुरेसे नाही. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवरचे वजन वेगवेगळे तपासावे. मागे जास्त भार गेला की स्टीअरिंग हलके होते आणि वळणावर गाडी चालकाचे ऐकत नाही.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक मानकाच्या, आहेत आणि त्याचा अग्निशामक वाहनावर थेट परिणाम होतो. गाडी एका जागी उभी राहून तासन्‌तास पंप चालवते, त्या वेळी एक्झॉस्टमधील गाळणी स्वतःला जाळून स्वच्छ करू लागली तर धुराडे अतिशय तापते. खाली वाळलेले गवत असेल तर नवी आग लागते. ही प्रक्रिया चालकाला हाताने थांबवता येईल आणि धुराडे गवतापासून दूर राहील, अशी रचना मागावी. जुन्या गाड्यांत एक्झॉस्टच्या झोतावर चालणारा प्रायमर, म्हणजे सक्शन पाइपमधील हवा काढणारे यंत्र, असे. आता एक्झॉस्टला हात न लावता विजेवर किंवा पिस्टनवर चालणारा प्रायमर घ्यावा. डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रावण, संपले की इंजिन ताकद कमी करते, म्हणून डिझेलइतकेच त्याचेही साठ्याचे रजिस्टर ठेवावे.

जुन्या गाड्यांचेही नियोजन इथेच करावे. १ एप्रिल २०२३ पासून शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पंधरा वर्षांपुढील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. सध्याच्या गाडीची नोंदणी कोणत्या तारखेला संपते, ते पाहून त्याच्या किमान दीड-दोन वर्षे आधी नव्या गाडीची फाइल चालू झाली पाहिजे. निधीसाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची अग्निशमन सेवा विस्तार व आधुनिकीकरण योजना राज्यांमार्फत सुरू केली. जिल्हा प्रशासन अधिकारी आणि महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय यांच्याकडे प्रस्ताव वेळेत गेला, तरच अशा योजनेत आपले नाव येते.

चौथी पायरी : टाकी, पंप आणि खण

टाकी स्टेनलेस स्टीलची घ्यावी. आपल्याकडील बोअरचे पाणी जड असते. साध्या पोलादाची टाकी काही वर्षांतच आतून गंजते, गंजाचे पापुद्रे गाळणीत अडकतात आणि ऐन वेळी दाब पडतो. टाकीत लांबीला आणि रुंदीला दोन्ही दिशांनी आडवे पडदे हवेत, नाहीतर वळणावर पाच टन पाणी एका बाजूला झेप घेते. माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढे मॅनहोल, तळाला गाळ काढण्याची तोटी आणि पंप चालकाला दिसेल अशा जागी पाण्याची पातळी दाखवणारी नळी असावी.

टाकी आणि सांगाडा चॅसिसवर बसवताना चॅसिसच्या मूळ पट्ट्यांवर वेल्डिंग किंवा भोके चालत नाहीत. रबरी पॅड, यू-क्लॅम्प आणि उप-सांगाडा वापरून बांधणी करावी, म्हणजे खडबडीत रस्त्यावर चॅसिस पिळवटली तरी टाकीला तडा जात नाही.

भारतीय मानके निविदेत क्रमांकासह लिहावीत : बी प्रकारच्या वॉटर टेंडरसाठी (पाण्याच्या बंबासाठी) आयएस ९५०, डिलिव्हरी कपलिंग, ब्रांच (होजच्या टोकाला हातात धरायची नळी) आणि नोझलसाठी आयएस ९०३, पाणी न झिरपणाऱ्या होजसाठी आयएस ६३६. पंपाचे फलक मराठीत, न पुसणाऱ्या अक्षरांत असावेत. रात्री दोन वाजता, धुरात, नवा मुलगा पंपावर उभा असताना ‘टाकीतून पंपाकडे’ आणि ‘पंपातून टाकीकडे’ या दोन झडपांत गोंधळ होता कामा नये.

खणांची रचना कागदावर ठरवू नये. जमिनीवर खडूने गाडीचा आकार काढून, स्वतःच्या जवानांकडून होज, ब्रांच, कटर, जनरेटर उचलून ठेवून पाहावे. जड वस्तू खाली, रोज लागणाऱ्या कंबरेच्या उंचीवर, आणि काहीही काढण्यासाठी गाडीवर चढावे लागू नये. शिड्या आणि श्वसनयंत्रे यांना अवांतर खर्च समजून यादीतून कापू नये. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार दगावले. धुराने भरलेल्या इमारतीत माणसांपर्यंत जायचे, तर ही साधने गाडीवर असावीच लागतात.

पाचवी पायरी : निविदा आणि ताबा

तांत्रिक तपशील एकाच कंपनीच्या माहितीपत्रकावरून उतरवला, तर स्पर्धा होत नाही आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो. गाडीने काय करून दाखवावे ते लिहावे, कोणाची असावी ते नको. सर्वात कमी दर बघताना पाच वर्षांची देखभाल, सुटे भाग किती दिवसांत मिळतील, आणि दुरुस्ती पथक किती तासांत पोहोचेल, हे करारात बांधून घ्यावे. पुण्या-मुंबईहून मेकॅनिक यायला चार दिवस लागले, तर तेवढे दिवस शहर उघडे राहते.

तपासणी तीन वेळा करावी आणि बिलाचे हप्ते त्याला जोडावेत. सर्वात महत्त्वाची तपासणी रंगाच्या आधीची. एका गाडीच्या ताब्याच्या वेळी रंग सुरेख होता, चकाकी डोळ्यांत भरत होती; पहिल्याच पावसाळ्यात टाकीच्या खालच्या शिवणीतून पाणी ठिबकू लागले. पुट्टी खरवडली, तर खाली अर्धवट वेल्डिंग निघाले. तेव्हापासून मी टाकी रंगाआधी काठोकाठ भरून रात्रभर ठेवायला सांगतो, आणि सकाळी प्रत्येक शिवणीवरून कोरड्या कागदाची पट्टी फिरवतो. कागद ओला झाला, की तिथे खडूने खूण करतो.

ताबा घेताना गाडी वजनकाट्यावर न्यावी. आधी रिकामी, मग टाकी भरून. दोन वजनांतील फरक किलोमध्ये जेवढा, तेवढेच लिटर पाणी टाकीत मावते. यात वाद घालायला जागा राहत नाही. नंतर भरलेल्या गाडीचे पुढचे आणि मागचे अ‍ॅक्सल वेगवेगळे तोलावेत. पंपाची चाचणी विक्रेत्याच्या आवारातील हौदावर नव्हे, तर स्वतःच्या हद्दीतील पाण्याच्या जागेवर, दुपारच्या उन्हात, सलग तासभर घ्यावी. इंजिनचे तापमान, दाब आणि प्राइम व्हायला लागलेले सेकंद लिहून ठेवावेत; पुढची सर्व वर्षे याच आकड्यांशी तुलना करायची आहे.

सहावी पायरी : रस्त्यावर

वाहनचालकाकडे जड वाहनाचा परवाना आहे, एवढ्यावर त्याला भरलेला बंब देऊ नये. प्रथम मोकळ्या मैदानावर पाण्याने भरलेल्या गाडीसह वळणे, उतारावरचे ब्रेक आणि मागे घेणे यांचा सराव व्हावा. टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असावी. अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडी उलटवू शकते. पायदानावर किंवा मागे लटकून कोणी प्रवास करणार नाही, सर्वांचे पट्टे बांधल्याखेरीज गाडी हलणार नाही, आणि मागे घेताना एक माणूस खाली उतरून दिसेल अशा जागी उभा राहील, हे तीन नियम कोणासाठीही मोडू नयेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही वाट मिळालीच असे समजून चालकाने चौकात घुसू नये. ऊस हंगामात तर विशेष जपावे. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, ट्रॉलीबाहेर आलेला ऊस, आणि ट्रॅक्टरवर मोठ्याने लावलेली गाणी. त्या चालकाला सायरन ऐकूच येत नाही. त्याच्या आरशात आपले दिवे दिसेपर्यंत मागे राहावे आणि डाव्या बाजूने कधीही पुढे काढू नये.

सातवी पायरी : आगीच्या जागी

गाडी वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा आपल्याकडून आगीकडे जाईल अशी, तारांखाली न येता, पक्क्या जमिनीवर आणि तोंड बाहेर पडण्याच्या रस्त्याकडे करून उभी करावी. पावसाळ्यात बांध ओलांडून काळ्या रानात उतरू नये. शंभर फूट होज जास्त टाकणे परवडते, रुतलेली गाडी परवडत नाही. हँडब्रेक आणि चाकांना अडण्या लावल्यावरच पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद पंपाला देणारी यंत्रणा, गुंतवावा. झडपा हळूहळू उघडाव्यात आणि हळूहळूच बंद कराव्यात, नाहीतर पाण्याच्या धक्क्याने होज फुटतो किंवा ब्रांच धरलेला जवान फेकला जातो. ६३ मिलिमीटरच्या लाइनवर नेहमी दोन माणसे असावीत. सर्व ब्रांच बंद असताना पंप चालू ठेवायचा असेल, तर पाणी टाकीत फिरते ठेवावे. कोंडलेले पाणी काही मिनिटांत उकळायला लागते आणि पंपाचे सील जाते. टाकीत पाव हिस्सा पाणी उरले, की पंप चालकाने आतल्या जवानांना कळवलेच पाहिजे, कारण ते पाणी त्यांच्या परतीसाठी आहे.

सेलू, मानवत, जालना पट्ट्यातील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठीला लागलेली आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. दाबलेल्या कापसात साधे पाणी शिरत नाही, वरून ओघळून जाते. पाण्यात फोम किंवा ओलावा आत नेणारे द्रावण मिसळावे, गाठी जेसीबीने एकेक बाहेर काढून पट्ट्या तोडाव्यात आणि उघडलेला कापूस भिजवावा. त्या गाठींवर पुढचे काही दिवस पाळत हवी. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत वितळलेल्या धातूजवळ पाण्याची धार नेऊच नये. क्षणात वाफ होऊन धातू उडतो.

जुन्या गावांतील माळवदाच्या घरांबाबत एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. छतावरची पांढरी माती पाणी पिऊन जड होते आणि खालचे लाकडी सर आगीने आधीच पोखरलेले असतात. वरून पाणी मारत राहिलो, तर ते छत आपणच खाली पाडतो. माळवदावर जवान चढवू नये, आत शिरताना भिंतीच्या कडेने शिरावे, आणि पाणी खालून, तुषार करून, मोजके मारावे.

आठवी पायरी : परत आल्यावर आणि रोज सकाळी

रोज सकाळी पाळी बदलताना नवा आणि जुना पंप चालक दोघांनी मिळून गाडी तपासावी : एअर ब्रेकचा दाब, बॅटरी, टायर, डिझेल, डीईएफ, तेल, दिवे, सायरन. आठवड्यातून एकदा पंप कोरडा करून, सर्व झडपा बंद ठेवून प्रायमरने व्हॅक्यूम करावा आणि पाच मिनिटांत काटा किती पडतो ते लिहावे. मागच्या आठवड्यापेक्षा काटा जास्त पडला, तर कुठेतरी सील किंवा वॉशर गेलेला आहे, आणि तो आज शोधायचा आहे.

आगीवरून परतल्यावर गाडी धुण्याआधी, जेवणाआधी, टाकी भरावी. वाटेतच जलकुंभावर थांबून भरली तर उत्तम. अर्ध्या टाकीने स्टेशनपर्यंतचा प्रवासही टळतो. ओले होज सावलीत उभे टांगून वाळवावेत आणि सुके होज गाडीवर चढल्यावरच, कोणत्या विहिरीत किंवा तलावात त्या दिवशी पाणी किती खोल होते, ते तारखेसह पहिल्या पायरीतील रजिस्टरमध्ये लिहून चालकाने सही करावी.